हाताच्या वळणाच्या फॉन्टात लग्नपत्रिका करताय? या चुका टाळा

मामेबहिणीच्या पत्रिकेचं प्रूफ आलं तेव्हा वरचं 'शुभविवाह' बघून घरात सगळे खूश. खाली नवऱ्या मुलाचं आडनाव मात्र 'गोर्हे' झालं होतं, 'ह'च्या डोक्यावर रफार घेऊन. हवं होतं 'गोऱ्हे'.

नमुन्यातल्या शब्दांवर भुलून फॉन्ट ठरवू नका. 'शुभविवाह' बहुतेक वळणदार फॉन्टांत देखणा दिसतो. 'कलम', 'अमिता' असे फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर मोफत मिळतात. ते उतरवून घ्या आणि आपल्याच घरची नावं टाइप करा: चि., सौ. कां., कृष्णाजी, ऋतुजा, ज्ञानेश्वर, गावाचं नाव. जोडाक्षर कुठे फुटतं, उकार कुठे खालच्या ओळीत घुसतो, ते तिथेच कळतं.

'गोऱ्हे'ची चूक टायपिंगची होती. र, हलन्त, ह असं टाइप केलं की रफारच येतो. इन्स्क्रिप्ट या कीबोर्ड मांडणीवर शिफ्ट धरून 'जे'ची कळ दाबली की नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला ऱ येतो. मग हलन्त, मग ह. एवढं करूनही रफारच दिसला, तर त्या फॉन्टात ही जोडणी नाही. दुसरा फॉन्ट शोधा.

इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटत असेल, तर पॅराग्राफ पॅनलच्या मेनूतून वर्ल्ड-रेडी कंपोजर निवडा. फॉन्टला दोष देण्याआधी हे बघाच.

सगळ्यात जास्त दिसणारी आणि मला सगळ्यात खुपणारी चूक म्हणजे नाव ओळभर पसरावं म्हणून अक्षरांमधलं अंतर वाढवणं. प्रत्येक अक्षर शिरोरेषेचा आपापला तुकडा घेऊन येतं आणि शेजारच्याला टेकतं. ट्रॅकिंग वाढवलं की रेघ तुटते आणि लिहिल्याचा भास तिथेच संपतो. ट्रॅकिंग शून्य ठेवा, हवं तर अक्षरं मोठी करा. इंग्रजी बाजूलाही हेच. 'स्नेल राउंडहँड' हा फॉन्टकार मॅथ्यू कार्टरने १९६० च्या दशकात केलेला फॉन्ट. त्यातली लहान अक्षरं एकमेकांना जोडूनच शोभतात. त्यात अख्खं नाव कॅपिटलमध्ये लिहिलं तर लपेटींच्या गुंत्यात ते वाचताच येत नाही.

नावाला सोनेरी कड दिली आणि जोडांवर आडव्यातिडव्या रेघा उमटल्या, तर अक्षरं एकमेकांवर चढलेली आहेत असं समजा. इलस्ट्रेटर या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये आउटलाइन करून, म्हणजे अक्षरांचे आकार बनवून, पाथफाइंडरमधलं युनाइट वापरून ते एकसंध करा, मग कड द्या. त्याआधी फाइलची एक प्रत जपून ठेवा, कारण आउटलाइन केलेलं नाव पुन्हा टाइप करून बदलता येत नाही.

मुहूर्त, पत्ता, फोन नंबर यांना वळणदार अक्षर नकोच. 'मुक्ता'सारखा साधा फॉन्ट घ्या. आमच्या दुसऱ्या प्रुफात नावं तेवढी वळणदार ठेवली. आजोबांनी चष्म्याशिवाय वेळ वाचली: १२ वाजून ३५ मिनिटे. फॉइल (चमकत्या वर्खाची) छपाई असेल तर प्रूफ खऱ्या कागदावर, खऱ्या मापात मागा. अक्षराची बारीक टोकं स्क्रीनवर दिसतात, फॉइलमध्ये गळतात.