कविता आणि नाटकाचे इंग्रजी शब्द पाठ न करता कसे शिकावेत

सांगलीच्या एका हायस्कुलात मी इंग्रजी शिकवतो. वह्या तपासताना दरवर्षी तेच दिसतं: मेटाफरची व्याख्या स्वल्पविरामासकट पाठ, पण समोरच्या कवितेतला मेटाफर सापडलेला नाही. म्हणून क्रम उलटा करा. आधी उदाहरण, मग नाव, व्याख्या सगळ्यात शेवटी आणि तीही स्वतःच्या शब्दांत.

पहिलं काम मराठीच्या वहीत. पानावर मधोमध उभी रेघ ओढा. डावीकडे व्याकरणात शिकलेले अलंकार लिहा, उजवीकडे त्यांची इंग्रजी नावं. उपमा म्हणजे सिमिली (स्माईलसारखा उच्चार करू नका), रूपक म्हणजे मेटाफर, अनुप्रास म्हणजे अलिटरेशन, चेतनगुणोक्ती म्हणजे पर्सॉनिफिकेशन. निम्मी यादी तुम्हाला आधीच येत होती.

मग एकच विषय घेऊन त्यावर सगळे अलंकार करून पाहा. आम्ही कृष्णेचा पूर घेतो, तो सांगलीत कुणाला समजावून सांगावा लागत नाही. ‘पाणी चहासारखं झालं’ ही सिमिली. आपल्या ‘सारखं’च्या जागी इंग्रजीत लाइक किंवा अ‍ॅज शोधा. ‘नदी म्हणजे सुटलेला बैल’ हा मेटाफर. ‘नदी घरोघरी जाऊन जाब विचारू लागली’ हे पर्सॉनिफिकेशन. एका मुलीनं आजीचं बोलणं लिहून आणलं होतं: ‘कृष्णामाई माहेरपणाला आली.’ निम्मा वर्ग मेटाफर म्हणाला, निम्मा पर्सॉनिफिकेशन. मी दोन्ही उत्तरं बरोबर धरली, कारण दोन्ही बाजूंनी कारण दिलं होतं. नावापुढे एका वाक्यात कारण लिहायची सवय लावाच.

आता राइम स्कीम, म्हणजे ओळींच्या शेवटच्या यमकांचा क्रम. इथे मुलं सर्वांत जास्त फसतात, कारण ती स्पेलिंग बघतात. यमक कानानं ठरतं. युक्ती सोपी आहे: प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द समासात देवनागरीत लिहा. लव्ह आणि मूव्ह यांचं स्पेलिंग शेवटी सारखं, पण लिहून पाहिलं की यमक नाही हे लगेच कळतं. ब्लू आणि थ्रू यांचं स्पेलिंग वेगळं, यमक मात्र पक्कं. गुड आणि फूड? ऱ्हस्व-दीर्घानंच उत्तर दिलं. मग पहिल्या आवाजाला ए, नवा आवाज आला की बी, जुना परत आला की जुनंच अक्षर. अलिटरेशनलाही हेच चालतं: सिटी आणि कॅट दोन्ही सी अक्षरानं सुरू होतात, पण एक ‘स’ आणि एक ‘क’, म्हणजे अनुप्रास नाही. एक सावधगिरी मात्र हवी. व्ही आणि डब्ल्यू दोन्हींना आपण ‘व’ लिहितो, इंग्रजी कानाला ते वेगळे आहेत.

नाटकाचे शब्द बसून शिकू नका, उभे राहा. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये ‘सीता स्वयंवर’ केलं ते याच सांगलीत. अ‍ॅक्ट म्हणजे अंक आणि सीन म्हणजे प्रवेश हे इथल्या मुलांना फार समजवावं लागत नाही. गोंधळ होतो तो तीन शब्दांचा. तिघांना उभं करा. एकजण इतरांना उद्देशून लांबलचक बोलतो, तो मोनोलॉग. बाकीचे निघून जातात आणि तो मनातलं मोठ्यानं बोलतो, ती सॉलिलोक्वी, आपलं स्वगत. सगळे समोर असताना तोंडाला हात आडवा लावून फक्त प्रेक्षकांना सांगतो, ‘डब्यात दोनच लाडू उरलेत,’ तो असाइड.

ड्रॅमॅटिक आयर्नी मला एकदा आयती मिळाली. मुलगा फळ्यापाशी माझी नक्कल करत होता, मी मागच्या दारात उभा होतो. वर्गाला दिसत होतं, त्याला नाही. प्रेक्षकांना ठाऊक, पात्राला नाही, एवढंच. शेक्सपिअरचा ऑथेल्लो कपटी इयागोला पुन्हा पुन्हा ‘ऑनेस्ट’ म्हणतो तेव्हा पोटात खड्डा पडतो तो यामुळेच. हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी हेच नाटक ‘झुंझारराव’ म्हणून मराठीत आणलं. ते मिळवून वाचा.

शेवटी न शिकवलेली एखादी कविता घ्या. आधी मोठ्यानं वाचा, मग पेन्सिल उचला. सापडलेली ओळ घरात कुणालातरी मराठीत सांगा, आईला, आजोबांना, आणि अलंकार कसा ओळखला ते पटवा. त्यांना इंग्रजी येत नसेल तर जास्त चांगलं. त्यांना पटलेलं कारण पेपरात जसंच्या तसं लिहा.