वाड्याचा गिलावा: आधी पाणी शोधा, मग चुना भिजवा

बडोद्यात रावपुरा, दांडिया बाजार, वाडी या भागांतल्या बऱ्याच जुन्या घरांचा सांगाडा लाकडी, मधे विटांची भर. पावसाळा सरला की जोत्यापासून दोन-तीन फुटांपर्यंत पोपडे सुटतात आणि गवंडी म्हणतो, "सिमेंट मारून टाकू." त्याला तिथेच थांबवा. सिमेंटच्या घट्ट थरातून विटेतली ओल बाहेर पडत नाही. ती वर चढते, लोणा (ओलीबरोबर येणारा पांढरा खार) आतच धरतो, वीट पिठासारखी होते आणि खांबाचं बूड कुजतं. पुढे थर पडतो तो विटेची साल घेऊनच.

ओल कुठून येते ते आधी बघा: फुटलेली पन्हळ, गळकी मोरी, रस्ता उंच झाल्याने भिंतीला टेकलेली माती. ते बंद होईपर्यंत चुना आणूच नका.

जुना थर किल्लीने खरवडा. चुना असेल तर पांढरट भुकटी येते. सिमेंट करडं आणि हट्टी. रंगाखाली चित्राचा तुकडा दिसला तर हात आवरा. बडोद्यातल्याच तांबेकर वाड्यातली एकोणिसाव्या शतकातली भित्तिचित्रं पाहिलेल्याला कारण सांगायला नको. आणि त्या वाड्यासारख्या केंद्र-संरक्षित वास्तूपासून १०० मीटरच्या आत घर असेल तर दुरुस्तीलाही परवानगी लागते.

लोणा कोरड्या ब्रशने झाडा. धुतलात तर तो विरघळून परत विटेत जातो. विटांमधले सांधे १२-१५ मिमी खोल कोरा.

कळीचा (भाजलेला, अजून न भिजवलेला) चुना पाण्यात टाका, चुन्यावर पाणी ओतू नका. उसळून डोळ्यात जातो. चष्मा, हातमोजे हवेतच. गाळून किमान १५ दिवस पाण्याखाली ठेवा. घाई केली की न भिजलेले कण नंतर भिंतीत फुलतात आणि गिलाव्यावर फोड येतात. मग १ भाग चुना, १ भाग सुरखी (विटेची भुकटी), २ भाग धुतलेली वाळू. सुरखी नीट भाजलेल्या विटेचीच, कच्च्या विटेची म्हणजे नुसती माती.

भिंत आदल्या दिवशी भिजवा. एका थराची जाडी १०-१२ मिमी, त्याहून जाड लावला तर तडकतो. खांबाशी ३-४ मिमी खाच सोडा. लाकूड फुगतं-आकसतं, गिलाव्याला ते जमत नाही. ओलं गोणपाट टांगून ७-१० दिवस दमट ठेवा. ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम, मे महिन्यात वरचा थर आधी वाळून भुगा होतो. शेवटी चुन्याच्या पाण्याचे तीन पातळ हात द्या. प्लास्टिक इमल्शन रंग नको; ते लावलं तर भिंतीचा श्वास पुन्हा कोंडतो.