क्रॉस टूलचेनसाठी कर्नेल हेडर्स कोणते घ्यायचे?

रावेर-यावलकडच्या केळीच्या मळ्यात ठिबकचे व्हॉल्व्ह उघडणारा लिनक्सचा बोर्ड असो की धुळ्याच्या एमआयडीसीतला मीटर वाचणारा गेटवे, कोड बिल्ड होतो लॅपटॉपवर आणि चालतो तिकडे दूर. त्यासाठी क्रॉस टूलचेन लागते, म्हणजे एका मशीनवर बसून दुसऱ्या प्रकारच्या मशीनसाठी कोड बिल्ड करणारी अवजारे. ती बांधताना जीसीसी (कंपायलर) कोणती, ग्लिबसी (सी भाषेची मूळ लायब्ररी) कोणती यावर भरपूर खल होतो. कर्नेल हेडर्सच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याशी बोलण्यासाठीच्या व्याख्यांच्या फाइलींच्या, रकान्यात मात्र यादीतली सगळ्यात नवी आवृत्ती निवडून लोक पुढे सरकतात. बिल्ड सुरळीत होते आणि मळ्यातल्या जुन्या बोर्डावर प्रोग्राम बसतो रुसून.

नियम सोपा आहे: सध्या वापरात असलेल्या बोर्डांपैकी सगळ्यात जुना कर्नेल ज्या मालिकेचा, त्याच मालिकेचे हेडर्स घ्या. काही बोर्डांवर ४.१९ आणि काहींवर ५.१० असेल, तर ४.१९. हेडर्स कर्नेलपेक्षा जुने असले तर चालते, कारण यूजर प्रोग्रामसाठीची जुनी दारे कर्नेल बंद करत नाही. फार तर नव्या सोयी मिळत नाहीत. उलट्या बाजूने ही खात्री कोणी देत नाही.

आधी एक गैरसमज दूर करू. उबंटू किंवा डेबियनवर ‘लिनक्स-हेडर्स’ नावाचे पॅकेज मिळते, ते कर्नेल मॉड्यूल बिल्ड करण्यासाठी असते. टूलचेनला लागतात ते यूएपीआय हेडर्स, म्हणजे सिसकॉलचे (प्रोग्रामने कर्नेलकडे करायच्या मागण्यांचे) क्रमांक, आयओसीटीएलचे (उपकरणांना द्यायच्या आज्ञांचे) कोड आणि कर्नेलशी देवाणघेवाण करायच्या स्ट्रक्चरच्या व्याख्या. ३.७ पासून ते कर्नेलच्या सोर्समध्ये वेगळ्या ‘यूएपीआय’ फोल्डरमध्ये असतात. ते फोल्डर हाताने कॉपी करू नका. कर्नेलचे स्वतःचे ‘हेडर्स_इन्स्टॉल’ हे मेक टार्गेट त्यातला अंतर्गत भाग गाळून, साफ करून देते.

पायरी १: बोर्डाला विचारा

प्रत्येक प्रकारच्या बोर्डावर ‘युनेम -आर’ चालवा आणि उत्तर लिहून ठेवा. डेटाशीटवर किंवा विक्रेत्याच्या सांगण्यावर जाऊ नका. एकाच मॉडेलच्या दोन खेपांत वेगवेगळे कर्नेल निघतात.

पायरी २: मालिका ठरवा

यादीतला सगळ्यात लहान आकडा घ्या आणि त्या मालिकेचा शेवटचा पॉइंट रिलीज उतरवून घ्या. ४.१९.० ऐवजी ४.१९ चा शेवटचा, कारण मालिकेच्या आत सिसकॉल सहसा वाढत नाहीत, दुरुस्त्या मात्र येतात.

खालच्या बाजूलाही मर्यादा आहे. ग्लिबसीला साधारणपणे निदान ३.२ चे हेडर्स लागतात, ६४-बिट आर्मसाठी ३.७ आणि ६४-बिट रिस्क-व्हीसाठी ४.१५. त्याहून जुने दिले तर ग्लिबसीची कॉन्फिगर स्क्रिप्ट (बिल्डआधीची तपासणी) ‘मिसिंग ऑर टू ओल्ड’ म्हणून तिथेच थांबते.

३२-बिट बोर्डांसाठी आणखी एक हिशेब धरा. १९ जानेवारी २०३८ ला ३२-बिट टाइम_टी (वेळ साठवणारा आकडा) संपतो. ६४-बिट वेळेचे सिसकॉल ५.१ मध्ये आले आणि ग्लिबसीत त्याचा पर्याय २.३४ पासून आहे. पंपाच्या पेटीत एकदा बसवलेला बोर्ड बंद पडेपर्यंत कोणी बदलत नाही, त्यामुळे नवी खेप बसवत असाल तर तिच्यावर कर्नेल ५.१० किंवा पुढचा ठेवा आणि तिच्यासाठी टूलचेनही वेगळी बांधा.

पायरी ३: हेडर्स बसवा

आज्ञा इथे नागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमनमध्ये टाका आणि ‘आर्च’ व ‘इन्स्टॉल_एचडीआर_पाथ’ ही दोन नावे पूर्ण कॅपिटलमध्ये लिहा. सोर्स उलगडून त्या फोल्डरमध्ये:

मेक एमआरप्रॉपर
मेक आर्च=आर्म इन्स्टॉल_एचडीआर_पाथ=/ऑप्ट/सिसरूट/यूएसआर हेडर्स_इन्स्टॉल

सिसरूट म्हणजे बोर्डासाठीचे हेडर्स आणि लायब्रऱ्या ठेवायचे लॅपटॉपवरचे फोल्डर. पाथ ‘यूएसआर’पर्यंतच द्या. ‘इन्क्लूड’ फोल्डर तो स्वतः तयार करतो. तुम्हीही ते लिहिले तर ‘इन्क्लूड’च्या आत ‘इन्क्लूड’ तयार होते आणि ग्लिबसीला काहीच सापडत नाही. नव्या कर्नेलमध्ये या टार्गेटला आरसिंक (फाइल कॉपी करायचे साधन) लागते. ते नसेल तर एरर येते.

‘आर्च’ हे कर्नेलचे नाव आहे, जीसीसीचे नव्हे. जीसीसी ज्याला ‘ए-आर्च-६४’ म्हणते, त्याला कर्नेल ‘आर्म६४’ म्हणतो. रिस्क-व्हीला इथे नुसते ‘रिस्कव्ही’ लिहायचे, ६४ जोडायचे नाही. आणि ‘आर्च’ लिहायचेच राहिले तर लॅपटॉपचे एक्स८६ हेडर्स मुकाट्याने सिसरूटमध्ये जाऊन बसतात. एक्स८६-६४ वर ‘राइट’चा क्रमांक १ आहे, ३२-बिट आर्मवर १ म्हणजे ‘एक्झिट’! बहुधा ग्लिबसीचे बिल्डच अडकते आणि तुम्ही बचावता. तरी ‘एएसएम’ फोल्डरमध्ये डोकावून ‘युनिएसटीडी_६४’ नावाची फाइल दिसते का ते पाहा. ३२-बिट आर्मच्या सिसरूटमध्ये ती असायला नको.

हे सगळे लिनक्सच्याच फाइल सिस्टीमवर करा. कर्नेलमध्ये नेटफिल्टरच्या (फायरवॉलच्या भागाच्या) काही हेडर्सची नावे फक्त लहान-मोठ्या अक्षरांनी वेगळी आहेत. ‘एक्सटी_मार्क’ दोनदा आहे, एकदा ‘मार्क’ लहान अक्षरांत आणि एकदा कॅपिटलमध्ये. विंडोजच्या सी ड्राइव्हवर किंवा मॅकच्या नेहमीच्या डिस्कवर एक फाइल दुसरीवर लिहिली जाते आणि एरर फार उशिरा, आयपीटेबल्स हे फायरवॉलचे साधन बिल्ड करताना येते. डब्ल्यूएसएल (विंडोजमधले लिनक्स) वापरत असाल तर होम फोल्डरमध्येच काम करा.

पायरी ४: ग्लिबसीचा किमान कर्नेल

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. हेडर्सची आवृत्ती सांगते की बिल्ड करताना कोणत्या सिसकॉलची नावे दिसतात. ‘एनेबल-कर्नेल’ हा वेगळा पर्याय सांगतो की त्यांतले कोणते कर्नेलमध्ये नक्की असणार असे ग्लिबसीने धरून चालावे. त्या आकड्याच्या आधीच्या कर्नेलसाठीचा पर्यायी मार्ग ती मग बिल्डमध्ये ठेवतच नाही. म्हणून हेडर्स नवे आणि किमान कर्नेल जुना, असे असेल तर ग्लिबसीपुरते तरी निभते.

पण हे दोन आकडे न सांगता एकमेकांना बांधले जातात. बिल्डरूट (बोर्डासाठी टूलचेनसकट पूर्ण सिस्टीम बांधणारे साधन) किमान कर्नेल हेडर्सच्या मालिकेइतकाच ठेवते. क्रॉसटूल-एनजी या टूलचेन बांधणाऱ्या साधनातही ‘हेडर्सइतकाच’ असा पर्याय आहे. तो बदलून तिथे जुना आकडा देता येतो. तेव्हा बिल्डरूटमध्ये ६.१ चे हेडर्स घेतले की ४.१९ वाल्या बोर्डाचा रस्ता बंद झालाच समजा. पूर्वीच्या ग्लिबसीत प्रोग्राम सुरू होतानाच ‘कर्नेल टू ओल्ड’ असे येऊन थांबायचा. अलीकडच्या आवृत्त्यांतून ती तपासणी काढली आहे, त्यामुळे आता प्रोग्राम सुरू होतो आणि मध्येच कुठेतरी कोलमडतो.

बिल्ड झालेल्या फाइलवर ‘रीडएल्फ -एन’ चालवा. एबीआय टॅगमध्ये किमान कर्नेलचा आकडा दिसेल. तो पायरी १ मधल्या सगळ्यात लहान आकड्याहून मोठा असेल तर परत मागे जा.

ग्लिबसी पार पडली तरी

बाकीचे प्रोग्राम एवढे सावध नसतात. कॉन्फिगर स्क्रिप्टला क्रॉस बिल्डमध्ये प्रोग्राम चालवून पाहता येत नाही. ती हेडरमध्ये नाव आहे का एवढेच बघते. ‘क्लोज_रेंज’ ५.९ मध्ये आला, ‘ओपनअ‍ॅट२’ ५.६ मध्ये. ६.१ च्या हेडर्समध्ये दोन्ही दिसतात, प्रोग्राम ते बिनधास्त वापरतो आणि ४.१९ वर उत्तर येते एरर ३८, ‘फंक्शन नॉट इम्प्लिमेंटेड’. लॅपटॉपवर क्यूईएमयू या एम्युलेटरच्या यूजर मोडमध्ये ही चूक पकडता येत नाही, कारण तिथे सिसकॉल शेवटी लॅपटॉपच्याच नव्या कर्नेलकडे जातात. चाचणी सगळ्यात जुन्या बोर्डावरच घ्या. असा एक बोर्ड टेबलावर कायम जोडलेला ठेवा.

विक्रेत्याच्या कर्नेलमध्ये त्यांचे खास आयओसीटीएल असतील, तर तेवढे एक हेडर प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये वेगळे ठेवा. बांधून झालेल्या टूलचेनच्या सिसरूटमधले हेडर्स बदलू नका, कारण ग्लिबसी आधीच्या हेडर्सवर बिल्ड झालेली असते. मालिका बदलायचीच असेल तर ग्लिबसीपासून पुढचे सगळे पुन्हा बिल्ड करा.

भारनियमनाची सवय आपल्याकडे आहेच. क्रॉसटूल-एनजीच्या डीबग मेनूत ‘सेव्ह इंटरमीडिएट स्टेप्स’ आधीच चालू करा. वीज गेलीच तर ‘सीटी-एनजी लिस्ट-स्टेप्स’ने पायऱ्यांची नावे पाहा आणि अडलेल्या पायरीच्या नावाच्या शेवटी अधिकचे चिन्ह लावून तिथूनच पुढे चालवा. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढे गेला की लॅपटॉप तापून हळू पडतो. तेव्हा समांतर जॉब निम्मे करा किंवा बिल्ड रात्री लावा.