इटालियन समकालीन कलाकाराचे काम संग्राहक आणि कंपन्यांपर्यंत कसे न्यावे

इटलीतील एखाद्या समकालीन चित्रकाराचे किंवा शिल्पकाराचे काम संग्राहकांपुढे ठेवण्याआधी त्याच्या स्टुडिओत बसून कागदपत्रे लावून घ्यावीत. बहुतेक जण माहितीपत्रक आणि इन्स्टाग्रामपासून सुरुवात करतात. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. काम आवडले की इटालियन खरेदीदार लगेच प्रमाणपत्राविषयी विचारतो, आणि कायदाही त्याच्या बाजूने आहे. २००४ च्या सांस्कृतिक वारसा संहितेच्या ६४ व्या कलमानुसार, कलाकृतींचा व्यापार करणाऱ्याने कामाचा अस्सलपणा, किंवा निदान ते कोणाचे असण्याचा संभव आहे, आणि ते कोठून आले हे सांगणारा दस्तऐवज खरेदीदाराला द्यावा लागतो. कलाकार हयात असेल तर कामाच्या छायाचित्रामागे त्याने स्वतः तपशील लिहून सही करण्याची तेथे रूढ पद्धत आहे. त्यामुळे प्रत्येक कामाला क्रमांक द्यावा, पुढून व मागून छायाचित्र काढावे, माप, माध्यम, वर्ष आणि ते कोठे प्रदर्शित झाले याची नोंद करावी आणि हे सर्व कलाकाराच्या सहीसह जपून ठेवावे.

हा आग्रह केवळ कारकुनी नाही. आलिघिएरो बोएत्ती या कलाकाराचे भरतकामातले प्रसिद्ध नकाशे अफगाण स्त्रियांच्या हातांनी शिवले गेले. तेथे चित्रकाराच्या हाताचा पुरावा शोधण्यात अर्थ नाही, म्हणून रोममधील त्याच्या अभिलेखागाराची नोंदच निर्णायक ठरते. माउरित्सिओ कात्तेलान याचे भिंतीला चिकटपट्टीने लावलेले केळे नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ६० लाख डॉलरहून अधिक किमतीला गेले, तेव्हा खरेदीदाराला टिकाऊ असे मिळाले ते प्रमाणपत्र आणि मांडणीच्या सूचना. अर्थातच ही टोकाची उदाहरणे आहेत, पण पादुआतील वकिलाला किंवा बेर्गामोतील कारखानदाराला तीन हजार युरोचे चित्र विकतानाही तोच नियम लागू पडतो.

कागद तयार झाल्यावर कामाची वैचारिक जागा सांगणारे लेखन लागते. इटलीत समीक्षकाच्या शब्दाला वजन आहे आणि त्यामागे इतिहास आहे. जेर्मानो चेलांत याने १९६७ मध्ये जेनोआतील प्रदर्शनातून ‘आर्ते पोवेरा’ (दगड, लाकूड अशा साध्या वस्तूंतून काम घडवणारी कलाचळवळ) हे नाव पुढे आणले. आकिल्ले बोनितो ओलिवा याने १९७९ मध्ये ‘त्रान्सअवांग्वार्दिया’ची, म्हणजे रंगचित्राकडे पुन्हा वळलेल्या कलाकारांच्या गटाची, मांडणी केली, आणि चेन्नईशी दीर्घकाळ नाते असलेला फ्रान्चेस्को क्लेमेंते जगाला ठाऊक झाला तो त्याच गटातून. यावरून अनेक जण चुकीचा धडा घेतात आणि दगड, कोळसा किंवा लाकूड वापरणाऱ्या प्रत्येक तरुणाला आर्ते पोवेराचा वारसदार म्हणून सादर करतात. जाणकार संग्राहक असे वाक्य वाचताच कागद बाजूला ठेवतो. स्टुडिओत येऊन काम पाहिलेल्या क्युरेटरकडून छोटा, नेमका लेख लिहून घ्यावा; त्यात हा कलाकार कोणाकडे शिकला, कोणता प्रश्न घेऊन काम करतो आणि मागच्या पिढीपासून कोठे वेगळा होतो, एवढे आले तरी पुरे. कलाकार पात्र असेल तर इटलीच्या संस्कृती मंत्रालयाच्या ‘इटालियन कौन्सिल’ या २०१७ पासूनच्या योजनेत अर्ज करावा, कारण परदेशातील निर्मितीला आणि प्रदर्शनांना तेथून साहाय्य मिळते आणि त्या नोंदीचा चरित्रपत्रात पुढे मोठा उपयोग होतो.

किंमत ठरवण्याची तेथील रीत बाहेरच्यांना अपरिचित असते. चित्राची उंची आणि रुंदी सेंटिमीटरमध्ये मोजून त्यांची बेरीज करतात आणि तिला कलाकाराच्या गुणांकाने, म्हणजे त्याच्या बाजारातील स्थानानुसार ठरलेल्या आकड्याने, गुणतात. गुणांक १५ असेल तर ५० बाय ४० चे चित्र १३५० युरोचे, आणि १०० बाय ८० चे २७०० युरोचे. म्हणजे क्षेत्रफळ चौपट झाले तरी किंमत दुपटीनेच वाढते. शिल्प, व्हिडिओ किंवा मांडणशिल्पाला हे सूत्र लागत नाही. गुणांक प्रदर्शने आणि संग्रहालयांच्या खरेदीनुसार हळूहळू चढवावा, आणि स्टुडिओत एक, गॅलरीत दुसरी अशी किंमत कधीही ठेवू नये. गॅलरीचा वाटा साधारणपणे निम्मा असतो हे कलाकाराला आधीच सांगावे आणि लेखी करारात घालावे. मैत्रीच्या भरवशावर चाललेले व्यवहार पहिल्या चांगल्या विक्रीच्या वेळीच बिघडतात.

गॅलरीला टाळून पुढे जाण्याचा विचार आकर्षक वाटतो, पण मोठ्या कलामेळ्यांत प्रवेश गॅलरीलाच मिळतो. बोलोन्याचा ‘आर्ते फिएरा’ १९७४ पासून भरतो आणि हिवाळ्यात असतो. मिलानचा ‘मिआर्त’ वसंतात, आणि तोरिनोचा ‘आर्तिस्सिमा’ नोव्हेंबरमध्ये असतो. नव्या कलाकारासाठी माझी पसंती तोरिनोला आहे. तेथील बँक-प्रतिष्ठानाची कलाशाखा मेळ्यातून कामे विकत घेऊन कास्तेल्लो दि रिवोली आणि गाम या संग्रहालयांना देते, आणि अशी एक खरेदी झाली की संग्राहकाशी पुढचे बोलणे सोपे होते.

संग्राहकाला एका वेळी दोन-तीनच कामे दाखवावीत आणि शक्य असेल तर स्टुडिओतच बोलवावे. लहान शहरांतील डॉक्टर, वकील, कुटुंबाचा कारखाना चालवणारे लोक हा इटालियन संग्रहाचा कणा आहे. ते घाईने घेत नाहीत आणि आपल्या संग्रहाचा गाजावाजाही करत नाहीत. करांविषयी त्यांच्याशी स्पष्ट बोलावे. १ जुलै २०२५ पासून कलाकृतींवरील मूल्यवर्धित कर २२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, आणि ही बातमी जुन्या ग्राहकाला पुन्हा फोन करण्याचे उत्तम निमित्त आहे. पुनर्विक्रीचा हक्कही समजावून सांगावा: व्यावसायिक मध्यस्थामार्फत किमान ३००० युरोला काम पुन्हा विकले गेल्यास, किंमत ५०,००० युरोपर्यंत असेल तोवर ४ टक्के रक्कम विक्रेत्याकडून कलाकाराला जाते. त्यावरील टप्प्यांत दर उतरतो आणि एकूण रक्कम १२,५०० युरोच्या पुढे जात नाही. काम देशाबाहेर पाठवायचे असल्यास, हयात कलाकाराच्या कामासाठी निर्यात परवाना लागत नाही, मात्र निर्यात कार्यालयाकडे स्वयंघोषणापत्र द्यावे लागते.

कंपन्यांकडे जाताना पद्धत बदलावी लागते. संग्राहक स्वतःसाठी घेतो, कंपनीला मात्र संचालकांपुढे कारण मांडावे लागते. म्हणून आधी कंपनीला नेमके काय हवे आहे ते ओळखावे: कचेरीसाठी काम, उत्पादनावर कलाकाराचा सहभाग, की शहरात दिसेल असा सांस्कृतिक उपक्रम. शेवटच्या दोन्हींची उदाहरणे इटलीत आहेत. फोर्तुनातो देपेरो या कलाकाराने १९३२ मध्ये घडवलेली काम्पारी सोडा या पेयाची बाटली आजही विकली जाते. इल्ली कॉफी कंपनी १९९२ पासून कलाकारांकडून आपले कप रंगवून घेते, त्यांत मिकेलांजेलो पिस्तोलेत्तोही आहे. पिरेल्ली या टायर कंपनीने मिलानमधील जुन्या कारखान्यात हांगारबिकोक्का हे समकालीन कलेचे प्रदर्शनकेंद्र उभे केले, आणि मॅक्स मारा या वस्त्रकंपनीच्या संस्थापकाचा संग्रह रेज्जो एमिलियात कंपनीच्या जुन्या इमारतीतच २००७ पासून लोकांना पाहता येतो. कंपनीला प्रस्ताव देताना तिच्या व्यवसायाशी खरेच नाते असलेला कलाकार न्यावा. संगमरवराच्या कंपनीकडे दगड समजणारा शिल्पकार, कापडगिरणीकडे धाग्याने काम करणारी कलाकार. मालकाच्या कुटुंबातील कोणाला कलेची आवड आहे हे शोधून काढणेही उपयोगी पडते, कारण इटलीतील अनेक मध्यम कंपन्यांत अंतिम निर्णय त्याच घरात होतो.

करारात सर्वांत जास्त वाद प्रतिमेवरून होतात. १९४१ च्या इटालियन कॉपीराइट कायद्यानुसार काम विकत घेतल्याने ते छापण्याचा हक्क मिळत नाही. दिनदर्शिका, पाकीट किंवा जाहिरात यासाठी कलाकाराशी, किंवा तो सदस्य असल्यास कलाकारांच्या वतीने कॉपीराइट सांभाळणाऱ्या सिआए या संस्थेशी, वेगळा करार करावा लागतो. कोणत्या वस्तूवर, किती काळ, कोणत्या देशांत आणि किती मोबदल्यात, हे एकेक करून लिहावे. शिवाय काम कोण स्वच्छ करील, दुरुस्ती कलाकाराला विचारून होईल का, विमा कोण भरील, इमारत विकली गेली तर भिंतीवरील कामाचे काय होईल, प्रदर्शनासाठी ते काही महिने बाहेर देता येईल का, हेही त्याच कागदावर असावे. विक्री पूर्ण झाल्यावर नव्या मालकाची नोंद कलाकाराच्या अभिलेखात करावी आणि कंपनीत हे काम पाहणारी व्यक्ती बदलली की नव्या व्यक्तीला कराराची प्रत पाठवावी.