डोंगर दिसतो का, आणि दुसरी नोकरी मिळते का? पुण्यात राहायला येणाऱ्यांसाठी

पुण्यात नोकरीला येऊ पाहणारी मुलं-मुली हल्ली मला एक प्रश्न हमखास विचारतात. पगार थोडा कमी असला तरी चालेल, पण जरा मोकळ्या, हिरव्या ठिकाणी राहता येईल का? कुणाच्या मनात लोणावळा असतं, कुणाच्या मुळशी, कुणाला सरळ आपलं गावच हवं असतं. मी वाईची. कृष्णेचा घाट, पांडवगड, धोमचं पाणी सोडून चाकणला कारखान्यात क्वालिटी विभागात लागले, त्यामुळे ही ओढ मला चांगली ठाऊक आहे. ते काही लाड नव्हेत. रोज डोळ्यांसमोर काय असतं, त्याचा माणसाच्या तब्येतीवर आणि स्वभावावर परिणाम होतोच. म्हणून तर हे सहलीच्या फोटोंवरून ठरवू नये असं मला वाटतं.

माझं सांगणं असं की राहायचं ठिकाण निवडताना पहिल्या नोकरीपेक्षा दुसऱ्या नोकरीचा हिशेब करा. पहिली कॅम्पसमधून लागते, ओळखीतून लागते, आडगावातही लागते. खरी वेळ येते तीन-चार वर्षांनी. साहेब बदलतो, लाइन बंद पडते, पगारवाढ अडते, कधी कामातलं शिकण्यासारखं संपून जातं. त्या वेळी राहतं घर न हलवता, अर्धा दिवस रजा टाकून दुसरीकडे मुलाखत देऊन येता येतं का, हे पाहायचं. निसर्गरम्य तालुक्यांत बहुतेक वेळा आपल्या कामाची एखादीच बरी कंपनी असते. तिथे पटेनासं झालं की नोकरीबरोबर गावही सोडावं लागतं, आणि ज्या डोंगरासाठी कमी पगार पत्करला तो मागेच राहतो.

पुण्याला ही दुसऱ्या-तिसऱ्या नोकरीची सोय एका रात्रीत आलेली नाही. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि त्या दशकात आकुर्डी-पिंपरीच्या माळावर बजाज, टेल्को (आजची टाटा मोटर्स) यांच्यासारखे वाहन कारखाने आले. गाडी बनवणारा कारखाना कधी एकटा येत नाही. त्याला कास्टिंग लागतं, फोर्जिंग लागतं, रबराचे पार्ट, वायर हार्नेस, प्लेटिंग, गेज तपासून देणारी लॅब, सगळं हाताशी लागतं. भोसरीच्या गल्ल्यांमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये दोन मशिनं टाकून सुरू झालेले कितीतरी व्हेंडर (पुरवठादार) त्यातूनच मोठे झाले. २००९ मध्ये चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, मर्सिडीज-बेंझही तिथेच आहे, आणि पुरवठादारांची रांग तळेगाव, रांजणगावपर्यंत गेली. त्यामुळे एका व्हेंडरकडे ड्रॉइंग वाचायला, पीपीएपीची (नवा पार्ट ग्राहकाकडून मंजूर करून घेण्याची) फाइल लावायला, ऑडिटला तोंड द्यायला शिकलेल्या मुलीला त्याच रस्त्यावरच्या पुढच्या गेटवरही किंमत असते. आयटीचंही तसंच. हिंजवडी, बाणेर, मगरपट्टा, खराडी अशी केंद्रं एकाच शहरात असल्यामुळे कंपनी बदलली तरी मुलांची शाळा तीच ठेवता येते.

यात एक गोष्ट नवीन मुलं विसरतात, ती म्हणजे नोकऱ्या दोन असतात. आज एकटे असाल, उद्या नसाल. माझे यजमान हिंजवडीत टेस्टिंगमध्ये आहेत, मी चाकणला. छोट्या गावात यांपैकी एकाला आपलं शिक्षण गुंडाळून ठेवावं लागलं असतं, आणि ते कुणाला लागतं हे वेगळं सांगायला नको. मी माझ्या बरोबरीच्या हुशार मुलींना फार सुंदर गावांमध्ये ‘सध्या घरीच’ म्हणताना ऐकलंय. त्या ‘सध्या’ची वर्षं होत जातात. मुलींनो, होणारा नवरा छान घाटमाथ्यावर बंगला बांधणार म्हणत असेल, तर तिथून एका तासाच्या अंतरात तुमच्या कामाच्या कंपन्या किती, हे लग्नाआधी विचारा. विचारण्यात काही गैर नाही.

आता निसर्गाची बाजू. पुण्याची खरी गंमत ही की इथे दोन्हींतलं थोडं थोडं जुळवता येतं, पण त्यासाठी शहराची कोणती बाजू कुठल्या कामाला लागून आहे हे कळायला हवं. चाकण किंवा तळेगाव एमआयडीसीत काम असेल, तर तळेगाव दाभाडे हे माझ्या मते सगळ्यांत चांगलं. हवा थंड, मावळाचे डोंगर जवळ, पुणे-लोणावळा लोकलचं स्टेशन गावातच. तळेगाव-चाकण रस्त्याने जाताना इंदोरीजवळ भंडारा डोंगर दिसतो, पावसाळ्यात तर पाहत राहावा असा. मात्र त्याच रस्त्यावर कंटेनरांच्या रांगेत तुम्ही अडकूनही पडता, तेही गृहीत धरा. पिरंगुटला कारखाने आहेत, म्हणून तिथे काम करणाऱ्याला भूगाव-भुकूम सोयीचं. बावधन-सूसकडून नांदे-चांदे-माणमार्गे हिंजवडीला जाता येतं, त्यामुळे आयटीतल्यांनी तिकडे घर पाहायला हरकत नाही. पण काम खराडीत आणि घर खडकवासल्याला, हे कुणी कितीही आग्रहाने सांगितलं तरी करू नका. ती शहराची दोन टोकं आहेत.

घर पाहायला गेलात की एजंट तुम्हाला आधी बाल्कनीत नेईल. डोंगर दाखवेल, आणि डोंगर खरंच सुंदर असेल. तिथे उभं राहून एवढाच हिशेब करा, की आठवड्यातले किती दिवस तो आपल्याला उजेडात दिसणार आहे. सकाळी सहाला कंपनीची बस, संध्याकाळी सात-साडेसातला घर, म्हणजे थंडीच्या दिवसांत जाताना अंधार आणि येतानाही अंधार. उरला रविवार. रविवारी खडकवासल्याच्या धरणाकाठी आणि सिंहगडाच्या पायथ्याला सगळं पुणं भाजलेली कणसं आणि पिठलं-भाकरी खायला आलेलं असतं, त्यामुळे तिथल्या रहिवाशाला दूध आणायला गाडी बाहेर काढणंही नकोसं होतं.

पावसाचंही असंच. पुणे शहरात वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. साठ-पासष्ट किलोमीटरवरच्या लोणावळ्यात त्याच्या कितीतरी पट, आणि महाबळेश्वरला ५,००० च्याही वर. त्या पावसात दोन दिवस भजी खायला जाणं वेगळं आणि जून ते सप्टेंबर त्यातून डबा घेऊन कामाला निघणं वेगळं. युनिफॉर्म वाळत नाही, सेफ्टी शूजना बुरशी येते, गादीला वास मारतो. ज्यांचं लहानपण अशा पावसात गेलंय त्यांना हे काही वाटत नाही. बाकीच्यांनी तिथे घर घेण्याआधी एक जुलै महिना भाड्याने राहून काढावा.

आम्ही स्वतः निगडी प्राधिकरणात राहतो. एकीकडे तळवडेमार्गे चाकण, दुसरीकडे रावेतमार्गे हिंजवडी. खिडकीतून समोरच्या इमारतीची टाकी दिसते. पण दुर्गा टेकडी चालत जाण्यासारखी आहे, आणि सेकंड शिफ्टच्या आठवड्यात मी सकाळी तिथे जाते. त्या वेळी निवृत्त मंडळी व्यायाम करत असतात, कंपनीतले ओळखीचे चेहरे भेटतात, झाडांखाली गारवा असतो. सुट्टीत घोरावडेश्वर गाठायला वेळ लागत नाही. वेताळ टेकडी, तळजाई, पर्वती, हनुमान टेकडी यांच्या आसपास राहणाऱ्यांनाही हेच सुख मिळतं. चालत जाता येईल अशी छोटी टेकडी लांबून दिसणाऱ्या मोठ्या डोंगरापेक्षा जास्त उपयोगी पडते, असं माझं ठाम मत झालंय. पुण्याच्या टेकड्यांवर बांधकाम होऊ नये म्हणून नागरिक इतकी वर्षं का भांडतात, ते इथे नोकरी करायला लागल्यावर मला नीट उमगलं.

काही शाखांना मात्र ही ओढाताण नसते, आणि त्यांनी ती उगाच करून घेऊ नये. पाचगणीत निवासी शाळा आणि हॉटेलं हाच मोठा व्यवसाय, त्यामुळे शिक्षक आणि हॉटेल मॅनेजमेंटवाल्यांना तिथे नोकरी आणि देखावा एकत्र मिळतो. जलविज्ञानातल्या माणसासाठी खडकवासल्यालाच १९१६ पासूनचं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. जुन्नर तालुक्यात खोडदच्या परिसरात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० प्रचंड अँटेना शेतांच्या मधोमध उभ्या आहेत, कारण अशा दुर्बिणीला शहरातल्या रेडिओ लहरींचा गोंगाट चालतच नाही. शेतीचं शिकलेल्याला दापोलीचं विद्यापीठ आहे. आपलं काम मुळात कुठे चालतं, ते आधी पाहा.

घरून काम करायला मिळतंय म्हणून गावी जाणाऱ्यांना एवढंच सांगेन की ती सवलत नेमणूकपत्रात लिहून घ्या. साहेबांच्या तोंडी शब्दावर गावाकडे खोली बांधलेले लोक पुढे आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला बोलावल्यावर कसे धावपळ करतात, ते मी घरात पाहिलंय.

ज्यांचं पुणं ठरलंय त्यांनी खोली शोधण्याआधी कंपनीच्या एचआरकडून बसचे रूट आणि थांबे मागून घ्यावेत. चाकणला कामाला असणाऱ्याचं अर्धं आयुष्य त्या थांब्यावर अवलंबून असतं. सेकंड शिफ्ट रात्री सुटल्यावर बस तुम्हाला कुठे सोडते आणि तिथून खोली किती लांब, हे मुलींनी तर नक्कीच पाहावं. मुख्य रस्त्यावरचा साधा पीजी अशा वेळी आतल्या गल्लीतल्या हवेशीर फ्लॅटपेक्षा बरा. हिंजवडीत काम असेल तर घराचं टोकन (आगाऊ रक्कम) देण्याआधी सोमवारी सकाळी नऊच्या सुमाराला एकदा भूमकर चौकातल्या वाहतुकीच्या कोंडीतून जाऊन या. नव्या सोसायटीत पाणी नळाचं की टँकरचं, हे वॉचमनला विचारा, तो खरं सांगतो. सुरुवातीला कॉट बेसिसवर (खोलीतल्या एका खाटेचं भाडं देऊन) राहा आणि जेवण मेसचं ठेवा. अकरा महिन्यांचा करार करायचाच असेल तर लॉक-इन (ज्या काळात घर सोडता येत नाही तो) जितका कमी करून मिळेल तितका घ्या. प्रोबेशन संपेपर्यंत शिफ्ट, प्लांट, कधीकधी डिपार्टमेंटही बदलतं, त्यामुळे गावाहून तोवर फ्रीज, कपाट असलं काही आणू नका. एक गादी, एक बादली, कागदपत्रांची फाइल आणि चांगले बूट पुरतात.