बाप्तिस्म्यावरून वाद निघाला तर

घरच्या प्रार्थनेला वेगवेगळ्या ख्रिस्ती मंडळ्यांचे नातेवाईक जमले की हा विषय हमखास निघतो: तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा (ख्रिस्ती होण्याचा पाण्याचा विधी) ग्राह्य, की तो स्वतः विश्वास ठेवल्यावरच घ्यायचा? अशा वेळी ‘तुमचा बाप्तिस्मा झालाच नाही’ हे वाक्य तोंडातून निघू देऊ नका. समोरच्या मावशींना ते ‘तुम्ही ख्रिस्ती नाही’ असंच ऐकू येतं, आणि पुढचं सगळं बोलणं वाया जातं. आधी त्यांची बाजू तुमच्या शब्दांत मांडा आणि ‘मावशी, असंच ना?’ म्हणून विचारा. त्या ‘हो’ म्हणाल्या की मगच आपलं म्हणणं सांगा. वचनांची फेकाफेक टाळलेली बरी, कारण आधार दोघांकडेही आहेत. बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये 16 मध्ये तुरुंगाधिकाऱ्याच्या सगळ्या घराचा बाप्तिस्मा होतो. अध्याय 8 मध्ये शोमरोनातले लोक आधी विश्वास ठेवतात, मग बाप्तिस्मा घेतात. (‘सगळ्या घरात’ तान्हं मूल होतं का, यावर रात्र सरेल.) 1970 साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, तेव्हा विश्वास ठेवल्यावरच बाप्तिस्मा देणारे बॅप्टिस्ट आणि तान्ह्या बाळांनाही देणारे अँग्लिकन एकाच चर्चमध्ये आले, तिथे या दोन्ही पद्धती मान्य आहेत. वाद तापायला लागला तर मावशींना एवढं नक्की सांगा.