वाचकाला उत्तर देताना या चुका टाळा

वाचकांची पत्रं सलग वाचली की एक गोष्ट लक्षात येते. पहिलं वाक्य लेखाबद्दल असतं, उरलेलं पत्र लिहिणाऱ्याच्या स्वतःबद्दल. समजा, गिरणगावावरच्या लेखाला असं पत्र आलं: ‘लेख आवडला. माझे वडील लालबागला गिरणीत होते. ८२च्या संपात घरी बसले ते बसलेच. आई पोळीभाजीचे डबे करायची, आम्ही भावंडं पोचवायचो.’ चार ओळींत एका घराची कित्येक वर्षं आली. त्यावर लेखकाकडून काय जातं? ‘मनःपूर्वक धन्यवाद! असाच लोभ असू द्यावा.’ पुढे जोडलेल्या हातांची खूण.

तो माणूस पुन्हा लिहीत नाही. आणि सहा महिन्यांनी हाच लेखक कुठल्यातरी परिसंवादात सांगतो की मराठीत वाचकच उरला नाही.

दिवाळी अंकांना आणि सदरांना येणारा पत्रव्यवहार मी बराच काळ हाताळला आहे. त्यातून दिसलेल्या चुका इथे लिहितो आहे. सदर लिहिणारे, पहिलंच पुस्तक आलेले, फेसबुकवर नेमानं लिहिणारे, सगळ्यांना त्या लागू पडतात. बहुतेकांचं मूळ एकच आहे: वाचकाचं पत्र म्हणजे आपल्याला दिलेले गुण, असं लेखक धरून चालतो. वाचकाच्या मनात गुण द्यायचं नसतंच. त्याला आपलं काहीतरी सांगायचं असतं आणि तुमच्या लेखानं त्याला ते सांगायला निमित्त मिळालेलं असतं.

आभार मानून मोकळं होणं

वरच्या पत्राला खरं उत्तर एका ओळीचंही चाललं असतं: ‘वडील साच्यावर होते की सूतखात्यात? आणि डबे कुठवर पोचवायचात?’ एवढ्यानं समोरच्याला कळतं की पत्र वाचलं गेलं आहे. आभार कितीही नम्र असले तरी ते पत्र न वाचताही मानता येतात, आणि वाचकाला हे बरोबर समजतं.

शंभर पत्रं आली तर काय करायचं, हा प्रश्न लगेच पुढे येतो. खरं सांगायचं तर बहुतेकांना शंभर येत नाहीत. ज्यांना येतात त्यांनी सगळ्यांना ठरावीक मजकूर पाठवण्यापेक्षा दहा जणांना नीट उत्तर द्यावं. ठरावीक मजकूर ओळखू येतो. एकाच घरातल्या दोघांनी लिहिलं असेल तर अक्षरशः तोच मजकूर दोघांच्या फोनवर पोचतो आणि जेवणाच्या टेबलावर तुमचं हसं होतं.

प्रश्नाला बगल देणं

ही चूक मला सगळ्यांत मोठी वाटते, कारण या बाबतीत आपल्याकडे फार चांगलं उदाहरण असूनही आपण त्यापासून काही घेतलेलं नाही.

र. धों. कर्व्यांनी जुलै १९२७मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केलं आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत चालवलं. अंक छोटा, वर्गणीदार बेताचे, पैशांची कायम ओढाताण. पण वाचकांच्या प्रश्नांना त्यांनी त्यात दिलेली उत्तरं लिहिणाऱ्या प्रत्येकानं एकदा तरी बघावीत. लैंगिक व्यवहार, संततिनियमन, त्यातली भीती आणि अपराधीपणा हे घरात कुणी उच्चारत नव्हतं. डॉक्टरसमोरही जीभ अडखळायची. ते प्रश्न लोक कर्व्यांना लिहून विचारत. कर्वे त्यांना नीतीचे डोस पाजत नसत, आणि विषय नाजूक आहे म्हणून कुंपणावरही बसत नसत. विचारलं त्याचं उत्तर, तेही सरळ मराठीत.

याच उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला उभा राहिला. कर्व्यांची बाजू मांडली बॅरिस्टर बाबासाहेब आंबेडकरांनी. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणून ते आपोआप अश्लील होत नाही, आणि लोक प्रश्न विचारतात तर त्यांना उत्तर का मिळू नये, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. कर्वे खटला हरले, दंड झाला. अंक मात्र निघतच राहिला.

आपल्याला कुणी कोर्टात खेचणार नसतं. तरीही शेतीवरच्या सदराला वाचकानं विचारलं, की ‘तुम्ही मांडलेलं ठिबकचं गणित दोन एकराला बसतं का? आमची विहीर फेब्रुवारीत आटते’, तर उत्तर जातं: ‘विषय सखोल आहे, पुढील लेखात ऊहापोह करू.’ तो ऊहापोह होत नाही, आणि विहीर तर फेब्रुवारीतच आटते. माहीत असेल तर सांगावं. नसेल तर ‘मला माहीत नाही, तालुका कृषी कार्यालयात विचारून बघा’ असं लिहावं. ‘माहीत नाही’ म्हणणाऱ्या लेखकाला लोक पुन्हा लिहितात, हे मी कितीदा तरी पाहिलं आहे. टोलवाटोलवी करणाऱ्याला एकदाच लिहितात.

‘प्रतिसादच येत नाही’

ही तक्रार ऐकली की मी आधी वाचकांविषयी बोलायचं टाळतो आणि साध्या गोष्टी तपासतो. पहिली म्हणजे वाचकानं लिहायचं कुठे? पुस्तकात प्रकाशकाचा पत्ता असतो, लेखकाचा नसतो, आणि प्रकाशकाकडे आलेलं पत्र लेखकापर्यंत जाईलच असं नाही. आपल्याकडच्या दिवाळी अंकांत कथेखाली लेखकाचा मोबाइल नंबर छापायची पद्धत आहे. चांगली आहे, पण लेखिकांनी जपून. रात्री अकरा वाजता ‘सहज फोन केला’ म्हणणारे निघतातच. फक्त वाचकांसाठी वेगळा ई-मेल पत्ता काढून तोच छापायला द्यावा. संपादक हट्टानं नंबर मागत असेल तर नाही म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

दुसरी गोष्ट, घाई. का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपल्याकडे हे अंक विकत घेणाऱ्यांपेक्षा वाचणारे जास्त. वाचनालयातून, शेजाऱ्याकडून, माहेरच्या पिशवीतून अंक फिरत राहतो. त्यामुळे पत्रं शिमग्यापर्यंत येतात. नोव्हेंबर संपला म्हणून निराश होऊन संपादकाला फोन करू नये.

व्हॉट्सअॅपचा घोटाळा वेगळा आहे. पुष्कळ जण ब्रॉडकास्ट यादी करून लेख पाठवतात. एका यादीत २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवलेला आहे त्यांनाच तो संदेश पोचतो. कार्यक्रमात वहीवर नंबर लिहून घेतलेल्या वाचकांनी तुमचा नंबर साठवलेला नसतो. ते गप्प नसतात, त्यांना काही मिळालेलंच नसतं. भेटीच्या वेळीच ‘माझा नंबर या नावानं साठवा’ म्हणावं, काम झालं.

मजकूर जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टात टाइप करून पीडीएफ केली असेल तर ती शोधात सापडत नाही आणि त्यातलं वाक्य उचलून कुणाला पाठवायला गेलं तर कचरा उमटतो. युनिकोडमध्ये लिहा, बस.

आणि नाव. शेवटी टाकलेलं नाव दुसऱ्या-तिसऱ्या फॉरवर्डला गळतं. पुलंच्या नावावर त्यांनी कधी न लिहिलेले उतारे वर्षानुवर्षं फिरताहेत. ‘कृपया नावासकट पाठवा’ या विनंतीला कुणी जुमानत नाही. नाव पहिल्या दोन ओळींत घाला.

चूक दाखवणाऱ्यावर तुटून पडणं

ज्ञानोबांची पालखी देहूहून निघाली असं लिहून बघा. दुपारच्या आत आळंदीची आठवण करून देणारे वीस जण उभे राहतील, त्यातले पाच रागावलेले असतील. अशा वेळी ‘मूळ आशय समजून घ्यावा’ हे उत्तर सगळ्यांत वाईट. चूक आहे, मान्य आहे, पुढच्या आठवड्यात सदराच्या शेवटी दुरुस्ती येईल, पुस्तक असेल तर पुढच्या आवृत्तीत. एवढं पुरतं. ज्यानं दाखवली त्याचं नाव त्याला विचारून छापलंत तर तो वाचक जन्मभराचा.

रागाच्या पत्रात माहिती दडलेली असते हे विसरू नये. ‘तुमची कोल्हापूरची आजी सदाशिव पेठेतलं बोलते’ असं कुणी खवचटपणे लिहिलं, तर त्यालाच विचारावं की ती कसं बोलली असती. अशा माणसाकडून मिळतं ते कोशात मिळत नाही. मतभेदाचं पत्र असेल तर एक रात्र जाऊ द्यावी. शिवीगाळ असेल, किंवा पत्रातला अर्धा मजकूर तुमच्या आडनावावरून काढलेल्या निष्कर्षांचा असेल, तर उत्तर देण्याची गरज नाही. त्यात वाचकानं लेख वाचलेलाच नसतो.

वाचकाचं पत्र चव्हाट्यावर मांडणं

कौतुकाचं पत्र आलं की त्याचा फोटो काढून टाकायचा, ही आता सवय झाली आहे. कायद्यानं बघाल तर पत्राचा कागद तुमचा, पण मजकुरावरचा हक्क लिहिणाऱ्याचा. १९५७च्या कॉपीराइट कायद्याखाली पत्र हेही लिखाणच आहे, आणि ते जाहीर करायला पत्र लिहिणाऱ्याची परवानगी लागते. पण कायदा बाजूला ठेवला तरी, तो माणूस तुम्हाला एकट्याला लिहीत होता. नवऱ्याच्या दारूबद्दल, मुलीच्या मोडलेल्या लग्नाबद्दल, विकाव्या लागलेल्या जमिनीबद्दल.

‘नाव काढून टाकलंय’ हा बचाव लटका आहे. गाव, नोकरी आणि मुलांची संख्या तशीच ठेवली की तालुक्यात कुणालाही ओळख पटते. एकदा असं झालं की तो वाचक जातोच, शिवाय ज्यांनी अजून लिहिलेलं नाही तेही हात आखडता घेतात. आणि तुम्हाला ते कधी कळतही नाही.

समारंभात वाचकाला खुर्चीपुरतं ठेवणं

शाल, श्रीफळ, प्रमुख पाहुण्यांचं पाऊण तासाचं भाषण, आणि शेवटी निवेदिका सांगते की वेळेअभावी प्रश्नोत्तरं घेता येणार नाहीत. मला हे नेहमीच उलटं वाटत आलं आहे. प्रश्न आधी घ्या, भाषणं मागून. किंवा समारंभ राहू द्या आणि रविवारी सकाळी एखाद्या सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसा. पंधरा माणसं येतील, पण त्यांनी पुस्तक वाचलेलं असेल. परदेशातल्या मराठी मंडळींशी ऑनलाइन गप्पा ठेवायच्या असतील तर घड्याळ बघा. हिवाळ्यात आपले रात्रीचे आठ म्हणजे न्यू जर्सीत सकाळचे साडेनऊ, पण कॅलिफोर्नियात साडेसहा. तिथे इतक्या पहाटे तुमच्यासाठी उठणारा एखादाच.

स्वतःला समुपदेशक समजणं

आजारपणावर, एकटेपणावर, कर्जावर लिहिलंत की अशीही पत्रं येतात ज्यांना काय उत्तर द्यावं कळत नाही. जगण्यात राम उरला नाही, असं कुणी लिहितं. इथे दोन्ही टोकं चुकीची. गप्प बसणं चूक, आणि ‘रोज मला फोन करा’ म्हणणंही चूक, कारण तुम्ही ते निभावू शकणार नाही. त्याच दिवशी उत्तर द्या, पत्र वाचल्याचं सांगा, जवळ कोण आहे ते विचारा आणि टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर द्या. सरकारी सेवा आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असते, मराठीतही बोलता येतं.

सगळ्यांना सगळं कबूल करणं

वाचकांशी नातं म्हणजे सदैव उपलब्ध असणं, हा समज अलीकडे फार पसरला आहे. जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवत, सभासमारंभांना जात नसत, अनोळखी माणसांच्या भेटीगाठी टाळत. पत्रं मात्र त्यांनी भरभरून लिहिली. त्यांच्या निवडक पत्रांचे खंडच्या खंड निघाले आहेत. त्यांनी एक दार बंद ठेवलं आणि एक उघडं ठेवलं, आणि लोकांनी ते मान्यही केलं. तुम्हीही ठरवा: फोन नको, पत्र चालेल. भेट नको, ई-मेल चालेल. आणि ते स्पष्ट सांगा.

हीच गोष्ट हस्तलिखितांची. लिहिणाऱ्याला वाचक स्वतःच्या कविता पाठवतोच, कधी चार, कधी अख्खी वही. वाचायला वेळ नसेल तर तसं कळवून परत करावी. थोडा असेल तर एकच कविता वाचून तिच्यातल्या एका ओळीबद्दल लिहावं. पण न वाचता ‘सुंदर आहेत, लिहीत राहा’ असं चुकूनही लिहू नये. वर्षभरात संग्रह निघतो, आणि मलपृष्ठावर तुमच्या नावाखाली नेमकं तेच वाक्य असतं.